पाण्याच्या उलट वाटेने

गडहिंग्लजहून समुद्राकडे जायचे तर नदीच्या उलट दिशेने जावे लागते. हिरण्यकेशी आंबोलीच्या डोंगरात उगम पावते, आजऱ्यावरून गडहिंग्लजला येते, पुढे संकेश्वराकडे जाऊन घटप्रभेला मिळते. घटप्रभा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. उगमाजवळच्या कड्यावर उभे राहिले तर अरबी समुद्र दिसण्याइतका जवळ वाटतो; पण नदी त्याच्याकडे पाठ फिरवून सारे दख्खन ओलांडून पलीकडच्या समुद्राला जाते. भूगोलाच्या पुस्तकात या गोष्टीला जलविभाजक एवढेच नाव असते. आमच्या घरात मात्र या नदीची वाट आणि आईच्या आयुष्याची वाट यांची कायमची चुकामूक झालेली आहे. आईचे माहेर शिरोडे. वेंगुर्ले तालुक्यातले, समुद्राकाठचे, मिठागरांचे गाव. १९६५ साली, एकोणिसाव्या वर्षी, ती घाट चढून गडहिंग्लजला आली आणि पाण्याबरोबर पूर्वेला राहिली.

गेल्या डिसेंबरात आम्ही दोघी शिरोड्याला निघालो. निमित्त कागदाचे होते. मामांच्या मुलाला घराशेजारच्या जागेत पर्यटकांसाठी चार खोल्या बांधायच्या होत्या, त्यासाठी कर्ज हवे होते आणि कर्जासाठी सातबारा मोकळा हवा होता. सातबाऱ्यावर मामांच्या बरोबरीने आईचे नाव होते. तेव्हा आईने हक्कसोडपत्र करून द्यावे, असे ठरत आले होते. फोनवर ती हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती. “येतो की, बघूया,” एवढेच म्हणाली.

या ‘येतो’पाशी मला थोडे थांबायला हवे. कोल्हापूर भागात बाया स्वतःविषयी बोलताना ‘मी येतो’, ‘मी आलो’ असे सर्रास म्हणतात. बाहेरच्या माणसाला त्याचे नवल वाटते. आम्हांला ‘येते’ म्हणणारी बाईच परकी वाटते. आई सांगते, लग्नानंतर पहिले सहा महिने तिच्या तोंडून हा ‘येतो’ निघत नसे. तिच्या बोलीत बाई आणि पुरुष दोघेही ‘मी येतंय’, ‘मी जातंय’ असेच म्हणतात. त्या रूपात लिंगभेदच नाही. इथे येऊन पुरुषासारखे बोलायचे म्हणजे तिला लाज वाटे. पण त्याहून मोठी लाज दुसरीच होती. सासरच्या माणसांना तिच्या ‘माका-तुका’चे हसू येई. आजी वाईट नव्हती, हे सांगितले पाहिजे. सुनेचे बोलणे गल्लीत हसण्यावारी जाऊ नये, एवढाच तिचा हेतू असावा. “हे समुद्राचं बोलणं चुलीपाशी ठेव,” असे तिने सांगितले आणि आईने ते तिथेही ठेवले नाही. वर्षभरात ती ‘व्हय’ आणि ‘न्हवं’ शिकली. रविवारच्या बाजारात मिरची घेताना सीमेपलीकडून आलेल्या बायकांशी ‘ओंदु, एरडु, मूरु’ करीत कानडीतून भाव करायलाही शिकली. माझ्या लहानपणी तिच्या तोंडून मालवणी ऐकू येई ती फक्त तव्याचा चटका बसल्यावर. तो उद्गार अभ्यासपुस्तिकेत छापण्याजोगा नाही.

याला योगायोग म्हणावे की काय ते मला ठाऊक नाही, पण डॉ. अ. मा. घाटगे यांनी हाती घेतलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणातला ‘कुडाळी’ हा खंड प्रसिद्ध झाला तोही १९६५ मध्येच. कुडाळी म्हणजे मोठ्या प्रमाणावर आपण आज जिला मालवणी म्हणतो तीच. त्याआधी, १९०५ मध्ये, ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या पाहणीतल्या मराठीच्या खंडातही या बोलीची नोंद झाली होती. त्याने ती कोकणीच्या प्रकरणात घातली होती. ही बोली मराठीची की कोकणीची, हा वाद आमच्या क्षेत्रात जुना आहे आणि संशोधक म्हणून मी त्यात भाग घेतला आहे. विद्यार्थिदशेत ‘कुडाळी’चा खंड चाळताना त्यातली क्रियापदांची कोष्टके मी घरी आईला वाचून दाखवली. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, “बरोबर आहे सगळं. पण हे असं कोण बोलतं गं?” सुटी सुटी रूपे एकापाठोपाठ एक, कोणी कोणाला न उद्देशून उच्चारलेली, ही तिच्या दृष्टीने बोली नव्हतीच.

गाडी मी चालवते. गडहिंग्लज ते शिरोडे हे अंतर एरवी तीन-साडेतीन तासांचे. संकेश्वर-बांदा रस्ता रुंद झाल्यापासून तर त्याहूनही कमी लागतो. आम्ही पूर्ण दिवस घेतला. आईचे गुडघे दर तासाने उतरायला लावतात हे एक कारण, आणि तिला पोहोचण्याची घाई नव्हती हे दुसरे. सकाळचे धुके उसाच्या शेतांवर होते. गुऱ्हाळांचा वास अधूनमधून गाडीत शिरत होता. आजऱ्यापर्यंत ती काहीच बोलली नाही. आजऱ्याला चहा घेतला, रामतीर्थावर नदीकाठी बसलो आणि मी तिथल्या बाजारातून दोन किलो घनसाळ तांदूळ घेतला. आजऱ्याच्या घनसाळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची किंमतही त्यानुसार चढली आहे. पुडक्याचा वास घेऊन आई हळूच म्हणाली, “वास बरो. पण पेजेक उपेगाचो नाय.”

मी दचकले. साठ वर्षे या तांदळाविषयी ती ‘वास चांगला हाय’ असेच म्हणत आली होती. पुल्लिंगी नामामागे येणारा तो ओकार, ‘बरो’, ‘उपेगाचो’, अजून घाटमाथ्याच्या अलीकडे, आजऱ्याच्या बाजारात ऐकू आला होता. बोलींचा नकाशा काढताना आम्ही एखादे रूप कुठपर्यंत चालते हे गावोगाव जाऊन विचारतो आणि त्या गावांना जोडणारी रेषा ओढतो. ती रेषा जमिनीवर असते असे आपण गृहीत धरतो. ती माणसाच्या आतही असते आणि माणसाबरोबर प्रवास करते, हे गृहीत धरले तर नकाशा काढताच येणार नाही. असो.

गवसे मागे पडले तशी झाडी वाढली, हवा ओली झाली. आंबोलीला आधी उगमाशी गेलो. डोंगराच्या पोटातल्या गुहेतून पाणी येते, समोर कुंड, शेजारी महादेव. या कुंडात ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ नावाची माशाची नवी जात सापडली आणि २०२१ मध्ये ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली. बोटभर लांबीचे ते मासे आई वाकून पाहत होती. मी तिला वारसा स्थळ म्हणजे काय ते सांगू लागले. तिचे लक्ष माशांवर नव्हते. “ह्याच पाणी साठ वर्सां पितंय मी,” ती म्हणाली. मला नव्हे, कुंडाला. मग ओंजळ भरून प्याली. पाणी निर्धोक आहे का, असा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, तो मी आत ढकलला.

नाक्यावरच्या टपरीत आम्ही पुन्हा चहा मागितला. म्हणजे आईनेच मागितला, “चाय आसा?” टपरीवालीने मान वर न करता विचारले, “खंयसून इलास?” आणि मग पुढची पंधरा मिनिटे त्या दोघींचे जे संभाषण झाले, त्यात माझे काही काम नव्हते. कोणाचे म्हायार कुठले, कोणती बस बंद झाली, यंदा पाऊस किती लांबला. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या बाईच्या बोलण्यात तो ‘घरात्सून भायर पडूक देयत नाय’ एवढाच होता, आणि मला वाटते आकड्यापेक्षा तो त्यातच जास्त पडत होता. मी आईचा चेहरा पाहत होते. सुटी सुटी रूपे आता कोणाला तरी उद्देशून उच्चारली जात होती. बोलता बोलता ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “चाय पी गो, थंड होतली.”

गो. घाटावर मुलीला, सुनेला, मैत्रिणीला ‘गं’ म्हणतात, खाली ‘गो’. पंचावन्न वर्षांत आईने मला ‘गो’ म्हटले नव्हते. भाषाविज्ञानात संबोधनांचा विचार करताना आपण नाते, वय, प्रतिष्ठा, जवळीक अशी परिमाणे मांडतो आणि ती उपयोगी असतात. त्या क्षणी मला एवढेच जाणवले की आई मला ज्या नावाने हाक मारीत आली ती तिने अनुवाद करून मारलेली हाक होती. मी चहा प्याले. तो खरोखरच निवला होता.

अभ्यासकेंद्रावर रविवारी संपर्कसत्रे घेताना मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारी बहुधा मध्यम वयाची गृहिणी असते, कधी एसटीचा वाहक असतो, कधी साखर कारखान्यातला कामगार. प्रश्न असा : “मॅडम, आमचं घरचं बोलणं अशुद्ध असतं का?” मी उत्तर देते की प्रत्येक बोलीला तिचे व्याकरण असते, प्रमाणभाषा ही अनेक बोलींतून व्यवहाराच्या सोयीसाठी पुढे आलेली एक बोली असते, वगैरे. हे सारे खरे आहे आणि परीक्षेत तसेच लिहावे. पण हा प्रश्न विचारणाऱ्याला व्याकरणाविषयी शंका नसते. आपल्याला कोणी तरी हसले होते, ते त्याला सांगायचे असते. आईच्या बाबतीत ते हसणे १९६५ सालचे होते.

घाट उतरताना तिने काच खाली केली. खाली दाणोलीपाशी हवा बदलते. अंगाला चिकटणारा दमटपणा येतो, नारळी दिसू लागतात. सावंतवाडीत मोती तलावाच्या काठी आम्ही जेवलो. लाकडी खेळण्यांच्या दुकानांकडे तिने पाहिलेही नाही. बांगड्याचे तिखले आणि सोलकढी यांच्याकडे मात्र तिने लक्ष दिले आणि दोहोंविषयी तिची तक्रार होती. मग मळेवाड, आजगाव आणि शिरोड्याच्या अलीकडे आरवली. तिथे थांबणे भागच होते. वेतोबाला केळ्यांचा घड वाहिल्याशिवाय माहेरी जायचे नाही, हा तिचा नेम. आरवलीचा हा ग्रामदेव रात्री गावभर फिरतो, त्याच्या पायांतल्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला हातभर लांबीच्या चामडी चपलांचे जोड वाहतात. ही आरवली जयवंत दळवींची. तिच्या आसपासची माणसे मराठी वाचकाला त्यांच्या पुस्तकांतून भेटलेली आहेत. देवळात चपलांचे ते जोड पाहून आई म्हणाली, “ह्येका बरा, रोज भायर जावक गावता.”

शिरोड्याचे मराठी साहित्यातले स्थान आपण अभ्यासक्रमात पाहता. वि. स. खांडेकर १९२० मध्ये इथल्या ट्युटोरिअल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत राहिले. सांगलीत जन्मलेला, पुण्यात शिकलेला हा तरुण अठरा वर्षे या लहानशा गावात राहिला. ‘हृदयाची हाक’, ‘उल्का’, ‘दोन ध्रुव’ या कादंबऱ्या त्या काळातल्या. १९३० च्या मे महिन्यात इथल्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला, तेव्हाही ते इथेच होते. माझे आजोबा त्या शाळेत शिकले. खांडेकरांचे मराठी ऐकण्यासाठी पोरे शांत बसत, असे ते सांगत. आणि शाळा सुटली की ती पोरे पुन्हा आपल्या बोलीत भांडत. खांडेकर घाटावरून खाली आले आणि आपली भाषा बरोबर घेऊन आले. गावाने ती आदराने ऐकली. आई खालून वर गेली. दोघांच्याही प्रवासाला एकच घाट होता. पण एक शिक्षक होता आणि एक सून.

मामा अंगणात उभे होते. वय पंच्याहत्तर, कमरेत वाकलेले. “इलंस?” त्यांनी विचारले. “इलंय,” आई म्हणाली. दोघांचे यापुढे बराच वेळ काही बोलणे झाले नाही.

कागद रात्री जेवणानंतर बाहेर आला. मामेभाऊ मुंबईत नोकरी करतो आणि सुट्ट्यांत गावी येतो. तो स्वच्छ प्रमाण मराठीत बोलतो. “आत्या, ही फक्त फॉर्मॅलिटी आहे. तुम्हांला काही करायचं नाही, उद्या तालुक्याला जाऊन अंगठा आणि सही.” त्याच्या मनात खोट नव्हती, हे मी आजही म्हणेन. गावात राहून काही तरी उभे करू पाहणाऱ्या तरुणाला बँक जे मागते ते तो आणून देत होता. मसुदा मी वाचून दाखवला. ‘लिहून देणार’, ‘लिहून घेणार’, ‘सदर मिळकतीवर माझा कोणताही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही’, ‘कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने व अक्कलहुशारीने’. दस्तऐवजांची ही मराठी मला नेहमी विलक्षण वाटते. ती कोणाचीच बोली नाही, पण माणसाच्या आयुष्यातले निर्णय तिच्यात होतात. वडिलांच्या मिळकतीत मुलीचा वारसा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने दिला आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलाच्या बरोबरीला आणले. त्यानंतर गावोगाव हक्कसोडपत्रांचे कागद झाले. बहिणीने सही दिली की माहेर राहते, न दिली की तुटते, हा हिशेब कायद्यात नाही. तो सगळ्यांना पाठ आहे.

आईने मसुदा बाजूला ठेवला आणि सातबारा मागितला. चष्मा लावून ती बराच वेळ पाहत होती. मग एका ओळीवर बोट ठेवून मामांना म्हणाली, “ह्या नाव कोणाचा?”

ते तिचे माहेरचे नाव होते. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले गेले आणि जुने तिथेच राहिले, हे पुष्कळ मराठी बायकांच्या बाबतीत घडले आहे. आजोबा गेल्यावर वारसनोंद करताना घरच्यांनी तलाठ्याला जे नाव सांगितले ते घरात चालणारे होते. त्याने तसेच लिहिले. आईच्या मतदार ओळखपत्रावर, आधारवर, बँकेच्या पासबुकावर दुसरे नाव आहे. माझ्या जन्मदाखल्यावर दुसरे आहे. एवढ्या एका कागदावर पहिले होते. ते नाव मी इथे लिहीत नाही.

“ह्या नाव रवांदे,” ती म्हणाली. “कर्जाक संमती देतंय. जामीन रव म्हटलात तर रवतंय. माका खोली नको, पैसो नको. पण ह्या काडू नका. मी मेल्यार काय ता बगा.”

मामेभाऊ माझ्याकडे पाहू लागला. त्या पाहण्याचा अर्थ मला कळत होता : आई गेल्यावर तो हिस्सा माझ्याकडे येणार आणि हे सारे मीच शिकवून आणले आहे. मी काही बोलले नाही. बोलले असते तर ते प्रमाण मराठीत झाले असते आणि त्या माजघरात प्रमाण मराठी आधीच पुरेशी झाली होती. मामा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. शेवटी म्हणाले, “बाय, घाई नाय. झोप आता.” मामी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि त्या रात्री तो विषय तिथे थांबला.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला कोणी गेले नाही. मामेभाऊ सकाळीच कामाच्या निमित्ताने बाहेर पडला, तो आम्ही निघेपर्यंत आला नाही. मामा आम्हांला मिठागरांवर घेऊन गेले. बांध नुकते दुरुस्त करायला घेतले होते; मीठ अजून धरले नव्हते, वाफ्यांत नुसते आकाश होते. भाऊ-बहीण बांधावरून पुढे चालत गेले. मी मागे राहिले. वारा माझ्या बाजूला नव्हता, त्यामुळे काय बोलत होते ते ऐकू आले नाही. एकदा दोघेही मोठ्याने हसले एवढे कळले.

परतताना गाडीत मामांनी दिलेली गेल्या वर्षीच्या मिठाची पिशवी होती, सोले होती, उकडा तांदूळ होता. घाट चढून आल्यावर आजऱ्याजवळ शेजारणीचा फोन आला. “व्हय, आलो की, तासाभरात,” आई म्हणाली.

महिन्याभराने मामेभावाचा निरोप आला. बँकेच्या वकिलाने सहमालकाच्या संमतीवर काम भागेल असे सांगितले होते. फक्त सातबाऱ्यावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव एकाच व्यक्तीचे आहे, असे प्रतिज्ञापत्र हवे होते. निरोप कोरडा होता, पण शेवटी ‘आत्याला नमस्कार’ असे होते. इथल्या वकिलांनी मसुदा केला : माहेरचे नाव, मग ‘ऊर्फ’, मग सासरचे नाव. आईला तो ‘ऊर्फ’ फार आवडला. दोन्ही नावांनी सह्या कराव्या लागतील, असे वकील म्हणाले. सासरच्या नावाची सही ती डोळे मिटून करते. दुसऱ्या सहीसाठी तिने जुन्या दिनदर्शिकेचे पान फाडून घेतले आणि त्याच्या पाठीमागे, शाळेत पाटीवर गिरवावे तसे, ते नाव लिहीत बसली. पहिल्या चार-पाच वेळा अक्षर हलत होते. मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तेव्हा पान भरत आले होते.